पेटीकाकांची चाळीस झाकणं

"चाळीस वर्षांत माझं एकसुद्धा झाकण परत उघडलेलं नाही!"

काउंटरवर मूठ आपटून पेटीकाकांनी हे जाहीर केलं, तेव्हाच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं. इतक्या खणखणीत आवाजात संकटाची आगाऊ सूचना कोण देतं हो? पण नाही! ठकीला वाटलं, बाप कामाची हमी देतोय. आणि बापालाही तसंच वाटत होतं.

आधी काकांचा धंदा सांगतो, म्हणजे घोटाळा नीट समजेल. काकांनी हयातभर लाकडी पेट्या केल्या. माणूस ज्या पेटीत एकदाच झोपतो आणि मग उठत नाही, त्या पेट्या. काम असं चोख की झाकण बसलं की फळी कुठे संपली आणि झाकण कुठे सुरू झालं, ते नखाला कळू नये. हात थकले म्हणून कारखाना बंद केला, पण डोळा काही थकला नाही. समोर कोणी आलं की काका आधी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर फिरवत आणि मनातल्या मनात आकडा म्हणत, "पाच फूट सात. खांद्यात जरा रुंद." समोरच्याला उगीचच गार वारा लागल्यासारखं व्हायचं.

लेकीचं, म्हणजे ठकीचं, कोपऱ्यावर सहा टेबलांचं कॅफे होतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला सायकलदुरुस्ती. तिथे मिळायचा जपानी पद्धतीचा डबा. एका डब्यात पाच कप्पे, कप्प्यात चिमणीच्या भुकेएवढा एकेक पदार्थ, आणि ऋतू बदलला की पदार्थ बदलले! ही विद्या जावयाची. तो पूर्वी जहाजावर आचारी होता. जहाज बिघडून जपानच्या बंदरात सात महिने पडून राहिलं आणि हा तेवढ्या वेळात बंदरावरच्या एका म्हातारीकडून डबा भरायला शिकून आला. बोलायला मात्र कुठेच शिकला नाही. दिवसाला तीन शब्द बोलायचा, त्यातला एक 'मीठ' असायचा.

अडचण होती ती डब्यांची. कागदी खोके वाफेने मऊ पडत. परवाच एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर खोक्याचा तळ सुटला आणि बिचारा अंगावर अख्खा शिशिर ऋतू घेऊन घरी गेला. आणि अशात समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला: चार आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी जेवून बघायला येतो, पसंत पडलं तर चाळीस शिक्षकांचा डबा रोज तुमच्याकडून.

रोज चाळीस! हे जमलं तर कॅफे तरलं. नाही जमलं तर महिनाअखेर कुलूप, आणि ठकी परत त्या दातांच्या दवाखान्यात, खिडकीमागे बसून "पुढचे कोण?" विचारणार. वर्षभर ती हे कोणाला म्हणाली नव्हती. पण बापाला ठाऊक होतं. म्हणूनच ती मूठ काउंटरवर आपटली होती.

"लाकडाचे डबे मी करतो. चाळीस. देवदाराच्या फळ्या पडल्यात घरी."

ठकीच्या हातातलं फडकं थांबलं. "बाबा... त्या फळ्या?"

"कोऱ्या आहेत! कोणी झोपलेलं नाही त्यांच्यात!"

"हळू बोला ना!"

खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला, "मी केले असते. निदान उघडले तरी असते."

हा कुलूपवाला. काकांचा शाळेपासूनचा मित्र आणि शाळेपासूनचाच वैरी. एकाचा धंदा बंद करण्याचा, दुसऱ्याचा उघडण्याचा, जमणार कसं? गावातली हरवलेल्या किल्ल्यांची सगळी दारं, कपाटं, तिजोऱ्या याने उघडलेल्या. कोटाच्या खिशात तारा, पट्ट्या, आकडे यांचा नुसता खुळखुळाट. रोज एक चहा घेऊन तीन तास बसायचा, आणि तो चहा काकांना टोमणे मारण्यापुरता पुरवायचा.

"तू चहा पी," काका म्हणाले. "गार झालाय. तुझ्या अकलेसारखा."

ठकीने एकच अट घातली. "कोणी विचारलं तर सांगायचं, फर्निचरचं काम करत होतो."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फर्निचर? मी? अगं, कपाटं करणाऱ्यांच्या नावाने लोक बोटं मोडतात! माझ्या एका तरी गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली?"

"बाबा!"

"बरं बरं. फर्निचर!" आणि हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा दाताखाली खडा यावा.

पहिला डबा चार दिवसांनी आला. ठकीने तो टेबलावर ठेवला, उलटा फिरवला, सुलटा फिरवला.

"बाबा, याला खांदे का आहेत?"

होते! वरच्या बाजूला रुंद, खाली पायाकडे निमुळता होत गेलेला. शिवाय दोन्ही बाजूंना तीन-तीन इवल्याशा पितळी कड्या. आत पांढरं साटीन.

"हात वळला तसा वळला," काका गुरगुरले. "साटीनमध्ये भात कसा शोभून दिसेल बघ!"

"चौकोनी. कड्या नकोत. साटीन तर मुळीच नको."

"म्हणजे खोकं हवंय! खोकं! चाळीस वर्षांच्या हाताकडून खोकं!"

पण केली हो! तीन आठवड्यांत चाळीस खोकी. आणि काय खोकी ती! सगळ्यांत कहर झाकणाचा. झाकण वर बसायचं नाही, आत बसायचं, काठाशी अगदी सपाट. एका कोपऱ्यावर अंगठा दाबला की समोरचा कोपरा अलगद वर यायचा. काकांनी ठकीला करून दाखवलं, जावयाला करून दाखवलं, कुलूपवाल्याला मुद्दाम नाकासमोर नेऊन सहा वेळा करून दाखवलं. कुलूपवाला काही बोलला नाही. यावरून काम उत्तम झालं होतं हे कळावं.

फक्त हे सगळं रिकाम्या, कोरड्या, थंड डब्यांवर झालं होतं. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. काकांच्या तर येणंच शक्य नव्हतं. त्यांच्या पेटीत आजवर गरम काही ठेवलंच गेलं नव्हतं!

शुक्रवार उजाडला. साडेअकराला जावयाने बारा डबे भरायला घेतले. मटार घातलेला भात, बांबूचे कोवळे कोंब, अंड्याची गुंडाळी, फुलासारखी कापलेली गाजरं, गुलाबी मुळा. नुसतं बघून पोट भरावं! भात वाफाळत होता. जावयाने बाराही डबे ओळीने उघडे मांडले, वरती पंखा लावला आणि सासऱ्याकडे वळून दिवसाचे तीनही शब्द एकदम खर्च केले:

"गार होऊ द्या."

आणि तो मागे भांडी घासायला गेला.

काका स्वयंपाकघरात एकटे राहिले. समोर बारा पेट्या, बाराही उघड्या! आता काकांच्या धंद्यात सगळ्यांत मोठा नियम एकच: भरलेली पेटी उघडी सोडायची नाही. जरा नजर इकडेतिकडे झाली आणि पेटी उघडी राहिली, तर त्या घरचे आयुष्यभर बोलतात. हा नियम काकांच्या हाडांत मुरलेला. त्यांनी मान फिरवून बघितलं, नाही जमलं. दुसरीकडे तोंड करून उभे राहिले, पाठीला त्या उघड्या पेट्या टोचायला लागल्या. शेवटी हात आपोआप पुढे झाले. वाफेने चष्मा धुरकटला, तो त्यांनी काढून बाजूला कुठेतरी ठेवला. झाकण बसवायला त्यांना डोळे लागतच नव्हते. एक, दोन, तीन... बारा! आणि प्रत्येक झाकणावर शेवटी तळहाताचा तो खास ठोका. ठप्प!

"झालं," काका हळूच म्हणाले आणि सवयीने क्षणभर मान खाली घालून उभे राहिले.

बरोबर सव्वाबाराला मुख्याध्यापिकाबाई आल्या. शिडशिडीत, ताठ, पाच फूट चार. काकांनी चष्म्याशिवायही बरोबर मोजलं. बरोबर पी.टी.चे मास्तर, चित्रकलेचे मास्तर आणि शिवणबाई. एक वाजता शाळेची घंटा, तेव्हा घाईच होती. बाकीच्या टेबलांवर नेहमीची आठ मंडळी होती. बारा डबे, बारा माणसं. ठकीने हसून सगळ्यांपुढे डबे ठेवले.

"वा!" चित्रकलेचे मास्तर म्हणाले. "लाकडाचं काम काय सुंदर आहे!"

काकांची छाती शर्टाच्या दोन गुंड्यांवर ताण देऊन गेली.

"कोपऱ्यावर अंगठा दाबा," ठकी म्हणाली. "दुसरा कोपरा आपोआप वर येतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी अंगठा दाबला. काही झालं नाही. त्यांनी दुसरा कोपरा दाबला. मग तिसरा, चौथा. मग त्या हात मांडीवर ठेवून बसल्या, जणू वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाला अजून एक संधी देत होत्या.

ठकीने पुढे होऊन दाबलं. अंगठा पांढरा पडला. झाकण ढिम्म! वाफ पिऊन देवदार फुगला होता, आणि मुळातच केसभरही फट नसलेलं झाकण आता डब्याच्या सख्ख्या भावासारखं त्याला बिलगून बसलं होतं.

सहाही टेबलांवरच्या माणसांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. आपल्यालाच येत नाही असं दिसू नये म्हणून जो तो गालातल्या गालात हसत होता. आणि नेमक्या याच वेळी त्या कुलूपवाल्याने, कोणी विचारलं नसताना, खिडकीतून शांतपणे सांगितलं:

"जपानी पद्धत आहे. आधी डब्यापुढे तीनदा मान लववायची."

झालं! शिवणबाईंनी लगेच तीनदा मान लववली. चित्रकलेच्या मास्तरांनी तर डोळे मिटून लववली. बघता बघता सगळं कॅफे डब्यांपुढे वाकायला लागलं. शेजारचा शिंपी कपडे शिवून द्यायच्या गडबडीत होता, तो सहा वेळा भराभर वाकून मोकळा झाला. मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या वाकल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बारा चाळीस.

पी.टी.च्या मास्तरांचा धीर सुटला. "असं नसतं बाई उघडत! जोर लागतो!" त्यांनी डबा उलटा केला आणि खुर्चीच्या पाठीवर हाणला. मग गुडघ्यावर हाणला आणि स्वतःच किंचाळले. मग कानाशी नेऊन गदागदा हलवला. "ह्याच्यात काहीतरी खुळखुळतंय!"

"मुळा असेल," ठकी क्षीणपणे म्हणाली.

शिवणबाईंची कात्री वाकली. चित्रकलेच्या मास्तरांची स्टीलची पट्टी सप्पकन निसटली आणि फुलदाणीतलं एकुलतं एक फूल आडवं करून गेली. आणि इकडे काका! काकांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लाज? छे हो! संताप!

"अहो, ठोकताय काय? लाकूड आहे ते, ढोल नाही!" काका कडाडले. "काय माणसं आहेत! झाकण घट्ट बसलं तर कौतुक करायचं सोडून पट्ट्या खुपसताय! चाळीस वर्षांत एकानेही मला झाकण उघडून मागितलं नाही!"

"बाबा," ठकी दातांतून म्हणाली, "फर्निचर."

"कसलं फर्निचर केलंत हो?" पी.टी.चे मास्तर गुडघा चोळत गरजले. "चाळीस वर्षं न उघडणारं?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस खोटं कसं बोलणार? काकांनी मान ताठ केली.

"पेट्या! शेवटच्या प्रवासाच्या! आणि मला अभिमान आहे!"

बाजूच्या दुकानात फिरणाऱ्या सायकलच्या चाकाचा आवाज कॅफेत स्पष्ट ऐकू आला. शिवणबाईंनी डब्यावरचा हात हळूच काढून मांडीवर पुसला. शिंप्याला आठवलं की आपण सहा वेळा वाकलो होतो, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स उचलली.

ठकी एक कोरडं, स्वच्छ टेबल पुसायला लागली. पुसलं, परत पुसलं, परत पुसलं. दवाखान्यातल्या त्या खिडकीची काच ती अशीच पुसत असे, वेळ जाईपर्यंत. काकांना ते चष्म्याशिवाय दिसायला नको होतं, पण दिसलं.

काका वळले. खिडकीजवळच्या टेबलापाशी गेले. कुलूपवाल्याने चहाचा कप खाली ठेवला, खिशातून पातळशी पोलादी पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसला.

"म्हण," तो म्हणाला.

"काय म्हण?"

"साठ वर्षं ऐकायचं राहिलंय ते."

"तू एक नंबरचा हलकट माणूस आहेस."

"ते नाही. दुसरं."

बारा एकोणपन्नास झाले होते. मागे टेबल पुसल्याचा आवाज येत होता. काकांनी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि पाचर ठोकताना निघतो तशा आवाजात म्हणाले:

"तुझ्यावाचून... माझं अडलंय."

"मोठ्याने. मला हल्ली कमी ऐकू येतं."

"अडलंय म्हणतोय ना! आता उघड, नाहीतर तुझं माप मला तोंडपाठ आहे!"

कुलूपवाला उठला तो नवरदेवाच्या थाटात. पट्टी काठाशी सरकवली, मनगट जरासं वळवलं, आणि टक! वाफेबरोबर मटारभाताचा असा वास सुटला की पर्स उचललेल्या बाई परत खाली बसल्या. टक! टक! टक! प्रत्येक 'टक'ला काकांचा एकेक दात कोणीतरी उपटतंय असा त्यांचा चेहरा होत होता. अकरा डबे उघडले. बारावा, पी.टी.च्या मास्तरांनी आपटून आपटून तिरका केलेला, काही केल्या उघडेना. जावयाने त्यांना ताटलीत वाढून दिलं आणि उद्याच्या खात्यातला एक शब्द आजच वापरला: "मीठ?"

मंडळी जेवली. शिवणबाईंनी आधी एक मटार बिचकत बिचकत खाल्ला आणि मग डबा चाटायचा तेवढा बाकी ठेवला. मुख्याध्यापिकाबाईंनी शेवटचं गाजराचं फूल संपवलं, तोंड पुसलं आणि काकांना जवळ बोलावलं.

"नदीपलीकडचा कारखाना तुमचाच का?"

"माझाच," काका फणकारले. आता लपवायचं काय उरलं होतं?

"सात वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई..."

काकांनी डोळे बारीक केले. "पाच फूट दोन. देवदार. बाजूला पितळी कड्या."

"त्याच." बाईंनी आवाज खाली आणला. "त्या झाकणाचं काम... असंच?"

"याहून पक्कं!"

"म्हणजे आतून काही..."

"बाई!" काका दुखावले. "चाळीस वर्षांत एकही नाही!"

मुख्याध्यापिकाबाईंनी असा काही निःश्वास सोडला, जसा सात वर्षं छातीत धरून ठेवला होता. त्यांचा ताठ कणा दोन बोटं सैल झाला. मग त्या ठकीकडे वळल्या.

"सोमवारपासून रोज चाळीस डबे पाठवा. जेवण उत्तम, डबे उत्तम. फक्त एक करा."

"सांगा ना बाई!"

"झाकणं पाठवू नका."

घंटा वाजली, मंडळी रस्ता ओलांडून गेली. ठकी धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. बाप मात्र खांबासारखा उभा! "झाकणं नकोत! अगं, डब्यात कसब ते कसलं? चार फळ्या! खरी कला ती झाकणात! उद्या म्हणतील, गवय्या पाठवा, फक्त गाणं नको!"

तर मंडळी, आता रोज दुपारी चाळीस डबे पातळ पांढरं कापड पांघरून शाळेत जातात. काकांना त्यातल्या त्यात समाधान एवढंच की ते पांघरलेलं कापड बरंचसं ओळखीचं वाटतं. ग्रीष्माचे पदार्थ झाले, पावसाळ्याचे झाले, आता थंडीचे सुरू झालेत. झाकणांवर ठकी चहाचे कप ठेवून देते. काका रोज ते बघतात आणि रोज नव्याने संतापतात.

तो बारावा डबा मात्र काउंटरवर तसाच आहे. कुलूपवाला दर सोमवारी नवी पट्टी घेऊन येतो, घाम गाळतो आणि चहा पिऊन जातो. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काका सांगतात, "आत वसंत ऋतू आहे. आठ महिने झाले, वास आला का? माझ्या झाकणातून वाससुद्धा सुटत नाही!"

गेल्या सोमवारी कुलूपवाल्याने वैतागून डबा कानाशी नेला आणि हलवला. खुळखुळ. त्याने परत हलवला. मग डबा खाली ठेवून तो काकांकडे वळला.

"काय रे पेटीवाल्या, हा मुळा नाही वाटत. तुझा चष्मा कुठे असतो हल्ली?"

काकांनी घाईघाईने थंडीच्या पदार्थांचा छापील कागद उचलला आणि नाकाला टेकेपर्यंत जवळ आणला.

"हल्ली," ते रागाने म्हणाले, "छापणारे अक्षरं फारच बारीक छापायला लागलेत!"

कागद उलटा होता.